ऑपरेशनची तारीख एचआरने ठरवायची का?

पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, मी मालाडला राहते, वय ४३. मरोळच्या एका कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्सला आहे, पगार ४१ हजार. दीड वर्षं फायब्रॉइडचा त्रास आहे, ब्लीडिंग इतकं होतं की महिन्यातले आठ दिवस लोकलने जायची भीती वाटते. हिमोग्लोबिन ७.६ वर आलंय. दोन डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलीय, दुर्बिणीतून. हॉस्पिटलने १ लाख ७० हजारांचं एस्टिमेट दिलं. आमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ३ लाखांचा आहे, त्यातून कॅशलेससाठी पेपर पाठवले. दुसऱ्याच दिवशी एचआरचा फोन, आम्हाला न विचारता कसे पाठवले, मार्च एंडिंग आहे, मेमध्ये करा, शिवाय या वर्षी तुमच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचा ४० हजारांचा क्लेम झालाय, एका वर्षात किती क्लेम करणार. सोनोग्राफीचे रिपोर्ट मेलवर मागितले, मॅनेजरना सीसी करून. आता हॉस्पिटलचा इन्शुरन्स डेस्क म्हणतो टीपीएकडून क्वेरी आलीय, एम्प्लॉयर कन्फर्मेशन पेंडिंग. मॅनेजर सगळ्यांसमोर विचारतात, काय ठरलं तुमच्या ऑपरेशनचं. मिस्टर म्हणतात सोड, गंठण ठेवून गोल्ड लोन घेऊ. ताई, कंपनी असं अडवू शकते का? मी थांबू का?"

अगं, पत्र वाचून मला आधी राग आला आणि मग तुझी काळजी वाटली. ७.६ हिमोग्लोबिन घेऊन तू रोज मालाडहून अंधेरी, तिथून मरोळ, आणि ऑफिसात बसून सगळ्यांचे व्हाउचर क्लिअर करतेयस, आणि वर तुलाच अपराधी वाटतंय की मी आधी विचारायला हवं होतं का. नाही. तुझ्या शरीरातली पिशवी काढायची का आणि कधी, हे तू आणि तुझे डॉक्टर ठरवणार. हे कोणाला विचारायचं नसतं, फार तर रजेसाठी कळवायचं असतं.

आणि इथेच सगळा गोंधळ आहे बघ. त्यांनी रजा आणि क्लेम ह्या दोन गोष्टींची एकच गाठ मारलीय आणि तू पण तीच धरून बसलीयस. रजा कंपनीच्या हातात आहे, त्यावर बोलता येतं, तारीख चार दिवस पुढेमागे करता येते. क्लेम कंपनीच्या हातात नाही. पॉलिसी कंपनीने घेतलीय, प्रीमियम कंपनी भरते हे खरं, पण क्लेम द्यायचा की नाही हे विमा कंपनी ठरवते, तेही पॉलिसीच्या कागदावर जे लिहिलंय त्यावरून. टीपीए म्हणजे विमा कंपनीसाठी पेपर तपासणारी मधली संस्था. एचआर तर निर्णयाच्या साखळीत नाहीच. हे दोन विषय वेगळे केलेस की निम्मं ओझं उतरेल, म्हणून आजपासून एका मेलमध्ये दोन्ही लिहायचं नाही आणि फोनवर त्यांनी एकत्र काढलं तर म्हणायचं, "सर, रजेचं बोलूया, क्लेमचं माझं विमा कंपनीशी चाललंय."

आता एचआर मध्ये का पडतंय ते पण सांगते, कारण कारण कळलं की भीती कमी होते. ग्रुप पॉलिसी दरवर्षी रिन्यू होते, आणि खूप कंपन्यांची १ एप्रिलला होते. रिन्यूअलचा रेट ठरवताना विमा कंपनी बघते की भरलेल्या प्रीमियमच्या मानाने क्लेम किती गेले. ब्रोकर एचआरला सांगतो क्लेम रेशो वाढलाय, पुढच्या वर्षी प्रीमियम वाढणार. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठा क्लेम दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. बऱ्याच ठिकाणी कोणाचा क्लेम आला ते एचआरला टीपीएच्या लिस्टमध्ये दिसतं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी फोन. तुझ्या एचआरच्या मनात नेमकं हेच आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण मार्च एंडिंग म्हणजे फक्त तुझ्या अकाउंट्सचं काम असं समजू नकोस. आणि मेपर्यंत थांबण्यात तुझा धोका हा आहे की पॉलिसी मध्येच रिन्यू झाली तर नव्या वर्षीच्या अटी बदललेल्या असू शकतात, को-पे टाकतात, म्हणजे बिलाचा काही भाग आपण भरायचा, पिशवीच्या ऑपरेशनला अमुक एवढीच लिमिट असं टाकतात. आज जे हातात आहे ते मेमध्ये असेलच असं नाही.

"एका वर्षात किती क्लेम करणार" हे बोलणं तर मला अजिबात पटलं नाही. साध्या मेडिक्लेमला क्लेमच्या संख्येचा नाही, रकमेचा हिशोब असतो. फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम, असेल तर ३ लाखांतून सासूबाईंचे ४० हजार गेले, २ लाख ६० राहिले, तुझं एस्टिमेट १ लाख ७०. बसतंय की व्यवस्थित! तू तर अकाउंट्सची, हा हिशोब तू त्यांना करून दाखवू शकतेस.

पण एक गोष्ट आधी तपास. मोठ्या ग्रुप पॉलिसीत कॉर्पोरेट बफर म्हणून वेगळी रक्कम असते, कोणाचे ३ लाख संपले तर त्यातून वरचे पैसे देतात, आणि तो बफर उघडायला मात्र कंपनीची मंजुरी खरंच लागते. तुझं बिल शिल्लक रकमेत बसतंय म्हणजे बफरचा प्रश्न येत नाही, पण टीपीएने चुकून तुझा बॅलन्स शून्य धरला असेल किंवा बफरची केस म्हणून टाकली असेल तर ती क्वेरी त्यामुळे येऊ शकते. किंवा सभासदांच्या यादीत तुझं नाव, जन्मतारीख चुकली असेल, तेही कन्फर्म करायला टीपीए कंपनीला विचारते आणि ते रास्त आहे. म्हणून टीपीएच्या हेल्पलाइनला फोन करून बॅलन्स सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची शिल्लक रक्कम, किती, नाव बरोबर आहे का, एवढं विचार. ई-कार्डावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर आहे ना तेही बघ. काही कंपन्या विमा न घेता स्वतःच्या फंडातून बिलं देतात आणि त्यालाच सगळे मेडिक्लेम म्हणतात, तसं असेल तर पुढे जे सांगतेय ते लागू होणार नाही, मला परत लिही.

सगळं बरोबर निघालं तर मेल टाकायचा. फोन नाही, मेल. टीपीएला, आणि विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला सीसी, त्याचा मेल आयडी पॉलिसीवर किंवा वेबसाइटवर असतो. आणि घरच्या मेलवरून पाठव हं, ऑफिसच्या नाही. टीपीएकडे बहुतेक तुझा ऑफिसचाच आयडी असेल, तो पण बदलून घे, आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर तुझाच मोबाईल नंबर आहे का बघ. मजकूर असा, तू तुझ्या भाषेत, इंग्रजीत लिहिलास तरी चालेल:

"माझ्या अमुक पॉलिसीखाली हॉस्पिटलने अमुक तारखेला कॅशलेसचा अर्ज पाठवला. त्यावर एम्प्लॉयर कन्फर्मेशन मागितल्याचं हॉस्पिटलने मला सांगितलं. पॉलिसीच्या कोणत्या क्लॉजखाली हे लागतं ते लेखी कळवा. तशी अट नसेल तर अर्जावर लगेच निर्णय द्या. नामंजूर करणार असाल तर पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे, ते लेखी द्या. माझे मेडिकल रिपोर्ट माझ्या परवानगीशिवाय माझ्या कंपनीत कोणालाही देऊ नका."

एवढंच. कंपनीबद्दल तक्रार नको, एचआर काय बोलले ते नको, रडगाणं नको. हा मेल एवढा साधा का चालतो, तर आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने तातडीने, जास्तीत जास्त एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळचं फायनल अप्रूव्हल तीन तासांत. क्लेम नाकारायचा तर पॉलिसीची नेमकी अट दाखवायची, आणि तो नकार विमा कंपनीतल्या रिव्ह्यू कमिटीकडून जावा लागतो, कोणा एकाच्या मनावर नाही. पेंडिंग पेंडिंग म्हणत बसणं हे त्यांनाच परवडणारं नाही, फक्त तुझ्याकडून लेखी गेलं पाहिजे. हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या मुलीला पण सांग, मला क्वेरीचा प्रिंट द्या. बऱ्याचदा तिथे फोनवर कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं आणि कागदावर भलतंच असतं.

रिपोर्टचं. एचआरला सोनोग्राफी द्यायची नाही. रजेच्या अर्जाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, त्यावर "ऑपरेशन सांगितलं आहे, नंतर अमुक आठवडे विश्रांती" एवढं पुरतं. रिपोर्ट हॉस्पिटलकडून टीपीएला जातात, आणि नवीन नियमांप्रमाणे क्लेमचे कागद त्यांनी हॉस्पिटलकडूनच घ्यायचे आहेत. टीपीएला आयआरडीएआयच्या नियमांनी गोपनीयता पाळावी लागते, डॉक्टरांना त्यांच्या २००२ च्या आचारसंहितेने. मग मॅनेजरकडे तुझं दुखणं गेलं कुठून? पुढच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की शांतपणे म्हण, "सर, माझ्या तब्येतीचं इथे नको, रजेचा मेल टाकलाय." आवाज चढवायची गरज नाही. तरी थांबले नाहीत, किंवा बोलणं घाणेरडं झालं, तर तारीख, वेळ, कोण होतं ते घरी वहीत लिहून ठेव. ऑफिसात इंटर्नल कमिटी असते ना, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची, ती अशाच दिवसासाठी असते.

माझी एक गोष्ट सांगते. खूप वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा कॅशलेस वगैरे काही नव्हतं, बिल भरून पेपर ऑफिसात द्यायचे, ऑफिस पुढे पाठवणार. मी सगळी ओरिजिनल बिलं दिली एका साहेबांकडे, झेरॉक्स काढली नाही, पोच घेतली नाही. चार महिने रोज विचारायचे आणि रोज "गेलेत गेलेत". शेवटी त्यांच्या ड्रॉवरमध्ये सापडले, मुदत उलटून गेली होती. एफडी मोडलेली ती मोडलीच. टाके दुखायचे त्यापेक्षा ते जास्त दुखलं मला. म्हणून सांगते, काहीही झालं तरी तुझ्या क्लेमचा कागद एचआरच्या टेबलावरून जाऊ द्यायचा नाही. थेट टीपीए किंवा विमा कंपनी, आणि पोच हातात.

आता समज, कॅशलेस नाहीच झालं. तरी घाबरू नकोस, कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे, हे खूप लोकांना माहीतच नसतं. ऑपरेशन करून, बिल भरून रीइम्बर्समेंट मागता येते. त्यासाठी अॅडमिट व्हायच्या आधी टीपीएला कळवायचं आणि डिस्चार्जनंतर पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत फाइल द्यायची. डिस्चार्ज समरी, सगळी बिलं, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, सगळ्याची झेरॉक्स. केसपेपर हॉस्पिटल देत नसेल तर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची डॉक्टरांवर जबाबदारी आहे. बऱ्याच पॉलिसीत अॅडमिशनच्या आधीच्या ३० दिवसांचा आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च पण मिळतो, म्हणजे सोनोग्राफी, रक्त तपासणी, आयर्न दिलं तर ती इंजेक्शनं, यांची बिलं फेकू नकोस. गोल्ड लोन घ्यायची वेळ आली तर या वाटेने, परत मिळणाऱ्या पैशांसाठी घे. कंपनीला नाराज करायला नको म्हणून गंठण ठेवू नकोस.

आणि रूमचं बघ, मुंबईत लोक इथेच फसतात. पॉलिसीत रूम रेंट दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का असेल तर तुला ३ हजारांची रूम बसते. नातेवाईक येणार म्हणून साडेचार हजारांची घेतलीस तर नुसते वरचे दीड हजार जात नाहीत, डॉक्टरांची फी, ओटीचे चार्जेस पण त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे तीनातला एक भाग गेला, औषधं, तपासण्या तेवढ्या सुटतात. ट्विन शेअरिंग घे, चार दिवसांचा तर प्रश्न.

विमा कंपनीने लेखी नकार दिला, किंवा तक्रार करून महिना झाला तरी उत्तर नाही, तर विमा लोकपाल. तुझ्यासाठी ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस.व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्समध्ये. ऑनलाइन पण होतं. मुलुंड-भांडुपकडच्यांसाठी ठाण्याचं ऑफिस आहे. फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारी पण घेतात, ५० लाखांपर्यंतच्या. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. त्याआधी बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकता येते, फोन १५५२५५. पण लक्षात ठेव, लोकपाल विमा कंपनीविरुद्ध ऐकतो, तुझ्या एचआरविरुद्ध नाही. म्हणून तर तो "एम्प्लॉयर कन्फर्मेशन" शब्द विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या कागदावर आलेला हवा.

रजेचं मात्र मोकळेपणाने बोल, तिथे ताठ राहू नकोस. मार्चमध्ये अकाउंट्सचं माणूस नसणं हा त्यांचा खरा त्रास आहे, तो मान्य कर. डॉक्टरांना विचारून तारीख पक्की कर, कोणाला काय शिकवून जाणार, कुठल्या पार्टीचं रिकन्सिलिएशन झालंय ते लिहून दे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात २० दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा आहे आणि ४५ दिवसांपर्यंत साठते. नऊ वर्षांत तुझी बरीच शिल्लक असणार, पगाराच्या स्लिपवर बघ. दुर्बिणीतून झालं तर साधारण तीन-चार आठवडे, पोट उघडून झालं तर सहा आठवडे धर, पुढचं डॉक्टर सांगतील तसं. तीन आठवडे मागून पाचव्या आठवड्यात गयावया करण्यापेक्षा आधीच जास्त माग.

तू विचारलंस थांबू का. मी डॉक्टर नाही, पण तुझ्या डॉक्टरांना एवढं विचार की ७.६ वर ते आधी रक्त वाढवणार आहेत का. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आधी सहसा शिरेतून आयर्न देऊन हिमोग्लोबिन वर आणतात, त्याला दोन-चार आठवडे जातात. म्हणजे हा मेलामेलीचा वेळ वाया जात नाहीये, तेवढ्यात तुझं रक्त वाढेल. आणि त्यांच्याकडून एक ओळ लिहून घे, ऑपरेशन गरजेचं आहे आणि लांबवणं योग्य नाही, अशी. ती टीपीएच्या मेलला जोड. पण एचआरच्या सांगण्यावरून मेपर्यंत थांबणं, आणि तोपर्यंत दर महिन्याला तेवढंच रक्त जाणं, हे नको. चक्कर आली, धाप लागली, पॅड तासाला भिजायला लागलं, तर कॅशलेस-बिशलेस सोड आणि सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तारखेचं काहीच जमेना तर सीएसएमटीजवळचं कामा हॉस्पिटल आहे, बायकांसाठीचंच सरकारी, केईएम, सायन, कूपर पण आहेत. गर्दी असते, नंबर लागतो, पण ही ऑपरेशनं तिथे नेहमी होतात. ती वाट बंद नाही हे डोक्यात असू दे, म्हणजे कोणी धमकी दिली तर पाय लटपटणार नाहीत.

नोकरीची भीती. खोटं सांगत नाही, वरिष्ठ नाराज होऊ शकतात, इन्क्रिमेंटला हात आखडता घेऊ शकतात. पण आत्ता रागाने राजीनामा अजिबात टाकू नकोस, नोकरी सुटली की ग्रुपचं कव्हर बहुधा त्याच दिवशी जातं. "ऑपरेशननंतर एक वर्ष सोडणार नाही" असलं काही लिहून मागितलं तर सही करू नकोस, "घरी वाचून सांगते" म्हण. बरी झालीस की स्वतःची एक पॉलिसी घे, सासूबाईंसकट नाही जमली तर निदान तुम्हा दोघांची. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या वर्षांचं क्रेडिट मिळतं, ते नोकरी असतानाच विचारून ठेव. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी पण गेलाय.

मिस्टरांना माझं सांग, गंठण कपाटातच राहू दे, आणि सुट्टी असेल त्या दिवशी हॉस्पिटलच्या डेस्कवर तुझ्यासोबत या म्हणावं. तिथे दोघं उभी राहिली की उत्तर लवकर मिळतं हे मी बघितलंय. मेल उद्या ऑफिसला निघायच्या आधी जाऊ दे, आणि टीपीएचं काय उत्तर येतं ते मला कळव. क्लॉज नंबर दिलाच त्यांनी, तर तो जसाच्या तसा पाठव, आपण बसून वाचू.